मानसिक आजार आणि व्यसनांवरील सरकारी उपचार : कुठे जावे, काय मिळते, कोणाच्या संमतीने

मानसिक आजार आणि व्यसनाधीनता या दोन्हींवर सरकारी आरोग्य यंत्रणेत उपचार मिळतात. ते लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांसाठी आहेत आणि त्यांतला बराच भाग विनामूल्य आहे. तरीही घरात असा प्रसंग आला की कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "कुठे अ‍ॅडमिट करायचं?" प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांना दाखल करण्याची गरज पडत नाही. आधी फोन, मग बाह्यरुग्ण विभाग म्हणजे ओपीडी, आणि त्यानंतर गरज असेल तरच भरती, असा क्रम आहे. भरती कोणाच्या संमतीने आणि किती दिवसांसाठी करायची, हे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ठरवतो. ते ना कुटुंबाच्या मर्जीवर आहे, ना केंद्रचालकाच्या.

या कायद्यातील 'मानसिक आजार' या शब्दाच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. 'बाटलीने बिघडलेला' आणि 'डोक्यावर परिणाम झालेला' असा भेद आपण बोलताना करतो. कायदा तो करत नाही. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात असतात : झोप येत नाही म्हणून प्यायला लागलेला, किंवा पिऊन पिऊन नैराश्यात गेलेला. यातले आधी काय आले, हे घरच्यांनी ठरवून यायची आवश्यकता नाही.

गरज किती मोठी आहे, हे दोन पाहण्यांवरून दिसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजाराच्या प्रकारानुसार त्यांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमली पदार्थ वापराच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही मदत मिळाली होती.

पहिला फोन

टेली-मानस ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. ती चोवीस तास सुरू असते, कॉलला पैसे पडत नाहीत आणि मराठीसह २० भाषांत बोलता येते. कॉल लागल्यावर भाषा निवडायची असते. वडोदरा, इंदूर, बेळगाव किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबासाठी हे विशेष उपयोगाचे, कारण मनातले परक्या भाषेत सांगताना अर्धे राहून जाते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटल्यास ते मानसोपचारतज्ज्ञांकडे कॉल जोडतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवतात. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था या सेवेची राष्ट्रीय शिखर संस्था आहे. टेली-मानसचे मोबाइल अ‍ॅपही २०२४ पासून उपलब्ध आहे.

व्यसनांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची वेगळी हेल्पलाइन आहे, १४४४६. तिथे प्राथमिक समुपदेशन होते आणि जवळच्या केंद्राची माहिती मिळते. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सिगारेट सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे.

फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. पत्नी, मुलगा, भाऊ, शेजारी, शिक्षक, कोणीही करू शकतो. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका यांपैकी काहीही लागत नाही. 'चुकीच्या' क्रमांकावर फोन लागला तरी हरकत नाही. व्यसनाची गोष्ट टेली-मानसवर सांगता येते. मात्र कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, शुद्ध हरपत असेल किंवा झटके येत असतील, तर समुपदेशनाची वाट न पाहता ११२ वर फोन करा किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. तोवर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका.

जिल्ह्यात काय असते

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आहे. त्याखालील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्याचा नमुना कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात आधी तयार झालेला होता. आज देशातील ७६७ जिल्ह्यांसाठी तो मंजूर आहे. सामान्यतः जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, औषधे मिळतात आणि भरतीसाठी काही खाटा राखलेल्या असतात. महाराष्ट्रात 'केसपेपर' काढायचा म्हणतात, हिंदी पट्ट्यात त्यालाच 'पर्चा' म्हणतात. खिडकीवर आजाराचे वर्णन करत बसू नका. "मानसोपचार ओपीडीचा पेपर द्या" एवढे पुरते.

सर्व जिल्ह्यांत सारखी सोय आहे असे मात्र समजू नये. कुठे तज्ज्ञ रोज बसतात, कुठे आठवड्यातून ठरावीक दिवशी. दूरच्या गावातून रुग्णाला घेऊन निघण्याआधी ओपीडीचा वार फोन करून विचारा. टेली-मानसवरही ही चौकशी करता येते. त्याहून जवळ म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे तज्ज्ञ नसतात, पण प्राथमिक तपासणी आणि पुढे पाठवण्याचे काम तिथून व्हावे अशी रचना आहे. आशाताईंना विश्वासात घेतले तर हा टप्पा पुष्कळ सोपा होतो.

व्यसनांसाठी सरकारी रुग्णालयांतील व्यसन उपचार सुविधा हा एक मार्ग आहे. दुसरा, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली एकात्मिक पुनर्वसन केंद्रे. पहिल्या ठिकाणी डॉक्टर आणि औषधे यांवर भर असतो, दुसऱ्या ठिकाणी काही आठवडे राहून समुपदेशन व दिनक्रम बसवण्यावर. गाझियाबादचे एम्सचे राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र या क्षेत्रातील प्रमुख सरकारी संस्था आहे. गंभीर आणि गुंतागुंतीच्या मानसिक आजारांसाठी निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था आणि तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बोरदोलोई संस्था या तीन केंद्रीय संस्था आहेत. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे.

दारू एकाएकी बंद करण्याआधी

हा भाग कृपया वगळू नका. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, तर शरीर ते सहजी सोसत नाही. पहिल्या दिवसातच हात थरथरणे, घाम, उलट्या, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिटस् येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला 'बाहेरची बाधा' समजून देवऋषीकडे नेण्यात जे तास जातात, ते प्राणावर बेततात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. रुग्णालयात योग्य औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो.

म्हणून घरच्या घरी खोलीत कोंडून दारू 'तोडणे' धोक्याचे आहे. ज्याला सकाळी उठल्यावर हाताची थरथर थांबवण्यासाठी प्यावी लागते, ज्याला पूर्वी कधी फिटस् आल्या आहेत, किंवा ज्याचे वय झाले आहे, त्याने डॉक्टरांना दाखवूनच थांबवावे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. या गोळ्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

दुसरी गोष्ट 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींची. रस्त्यालगतच्या भिंतींवर त्या सर्वत्र दिसतात. चहा-जेवणात गुपचूप गोळी किंवा पूड मिसळली जाते. त्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिरॅम नावाचे खरे औषध डॉक्टर देतात, पण ते रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने. ते पोटात असताना दारू प्यायली तर छातीत धडधड, श्वास लागणे, रक्तदाब कोसळणे अशी प्रतिक्रिया येते आणि ती जीवघेणी ठरू शकते. आपल्या पोटात ते औषध आहे हे ज्याला माहीतच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणार. मदत करण्याच्या हेतूने कोणी हे करत असेल तर त्याला थांबवा.

हेरॉइन, ब्राउन शुगर (पंजाबकडे चिट्टा), तसेच वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाचे गणित वेगळे आहे. ते अंगावर काढून सोडले तरी परत वळण्याचे प्रमाण मोठे असते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली बुप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध दीर्घकाळ दिले जाते. पंजाब सरकारने यासाठी २०१७ पासून बाह्यरुग्ण क्लिनिकच उभी केली आहेत. "एक नशा सोडवून दुसरी लावली" अशी तक्रार कुटुंबे करतात. ती समजण्यासारखी आहे, पण बरोबर नाही. मोजून दिलेल्या औषधावर माणूस कामावर जातो, सुई टोचणे थांबते आणि एचआयव्हीचा धोका कमी होतो. आणि एक इशारा : केंद्रात महिनाभर राहून आलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. तो घरी आल्यावर पूर्वीच्याच मात्रेने घेईल, तर तीच मात्रा जीव घेऊ शकते. केंद्रातून सुटण्याचा दिवस हा सर्वांत सावध राहण्याचा दिवस आहे.

मुले, तरुण, बाळंतिणी, वृद्ध

मुलांची मानसिक अडचण बहुधा वागण्यातून दिसते : शाळा टाळणे, अंथरूण ओले करणे, अचानक गप्प होणे, चिडणे. लहान मुलांच्या वाढीतील व शिकण्यातील अडचणींसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी होते. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र क्लिनिक असतात. महाराष्ट्रात ती 'मैत्री क्लिनिक' या नावाने ओळखली जातात. परीक्षेच्या ताणासाठी शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण हेल्पलाइन ८४४८४४०६३२ आहे, तर मुलावर अत्याचार होत असेल किंवा त्याला नशेसाठी वापरले जात असेल तर १०९८. फेविकॉल, पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर हुंगणाऱ्या मुलांना 'वाया गेलेली' म्हणून सोडून देऊ नये. त्यांच्यासाठीही उपचार आहेत.

१८ वर्षांखालील मुलाला दाखल करायचे झाल्यास कायदा अधिक कडक आहे. पालकाने अर्ज करावा लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, मुलाला प्रौढांच्या कक्षात ठेवता येत नाही आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सतत सोबत राहावे लागते. "मुलाला इथे ठेवा आणि महिन्याने या" असे कोणी सांगत असेल, तर ते बेकायदेशीर आहे.

बाळंतपणानंतर आठवड्यामागून आठवडे रडू येणे, बाळाजवळ जावेसे न वाटणे, झोप पूर्ण उडणे याला 'नाटक' म्हणू नये. हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. आईला दाखल करावे लागले तरी तीन वर्षांखालील बाळाला तिच्यापासून सामान्यतः वेगळे केले जाऊ नये, असे कायदाच सांगतो.

वृद्धांचे विसरणे, संशय घेणे, जेवण सोडणे हे वयाच्या नावावर खपते. त्यामागे नैराश्य, स्मृतिभ्रंश किंवा नुसतीच औषधांची गफलत असू शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

भरती आणि संमती

प्रौढ व्यक्ती स्वतःहून दाखल होऊ शकते. तिला स्वतंत्र रुग्ण म्हणतात. तिच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत आणि ती मागेल तेव्हा तिला जाऊ द्यावे लागते. तपासणीसाठी डॉक्टर फार तर २४ तास थांबवू शकतात.

संमती नसताना दाखल करण्याला कायद्यात 'साहाय्यित भरती' असा शब्द आहे. शब्द अवघड आहे, अटी मात्र स्पष्ट आहेत. व्यक्तीने अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, ती इतरांशी हिंसकपणे वागते, किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकल्याने तिच्या जिवाला धोका आहे, यांपैकी काही असावे लागते. नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि त्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. मुदत ३० दिवसांपर्यंत. स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास ३ दिवसांत, इतरांबाबत ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणे बंधनकारक आहे. 'तो आमचे ऐकत नाही', 'लग्नाला नकार देते', 'मालमत्तेवरून भांडतो' ही भरतीची कारणे नव्हेत. आणीबाणीत मात्र कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो.

बरे असताना आपण दोन गोष्टी करून ठेवू शकतो. एक, आपला प्रतिनिधी कोण असावा हे साध्या कागदावर लिहून सही करणे. तो नातेवाईकच हवा असे नाही. दुसरी, आगाऊ सूचना : पुन्हा आजार बळावला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे लिहून ठेवणे. वारंवार आजारी पडणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

रुग्णाला साखळीने बांधणे कोणत्याही कारणास्तव चालत नाही. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करता येत नाहीत. एकांत कोठडी नाही. आजाराची माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय मालकाला, शाळेला किंवा स्थळ घेऊन येणाऱ्यांना देता येत नाही.

खासगी केंद्र निवडताना

सरकारी खाट मिळाली नाही की लोक खासगी व्यसनमुक्ती केंद्राकडे वळतात. त्यांत चांगली आहेत आणि कोंडवाडेही आहेत. रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. ते प्रमाणपत्र दाखवायला सांगा. डॉक्टर कोण, ते किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठे नेणार, हे विचारा. खर्च लेखी घ्या. राहण्याची खोली आणि स्वच्छतागृह आधी बघू द्या म्हणावे.

गाडी पाठवून रात्रीतून माणूस 'उचलून नेतो' असे सांगणारे केंद्र टाळा. पहिला महिना फोनवर बोलू देणार नाही, मारल्याशिवाय सुधारत नाहीत, शंभर टक्के हमी, अशी भाषा ऐकली तर तिथून परत फिरा. व्यसनात पुन्हा घसरणे हा आजाराचाच भाग आहे, त्यामुळे हमी देणाऱ्याला एकतर आजार कळलेला नाही किंवा तो खोटे बोलतो आहे. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून मारहाण न करता, कुटुंबालाही सोबत घेऊन काम करून दाखवले आहे. केंद्र कसे असावे याची कल्पना त्यावरून येते.

खर्च आणि दाखले

दारिद्र्यरेषेखालील तसेच निराधार व बेघर व्यक्तींना सरकारी व सरकारी अनुदानित मानसिक आरोग्य संस्थांत उपचार मोफत आहेत, हातात कार्ड नसले तरी. आयुष्मान भारत पीएम-जय योजनेच्या दर वर्षी कुटुंबामागे ५ लाख रुपयांच्या संरक्षणात मानसिक आजारांचाही समावेश आहे आणि कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते. कोणत्या रुग्णालयात ते लागू होते, हे तेथील आरोग्यमित्राला विचारा. खासगी विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते. मात्र अनेक पॉलिसींत व्यसनावरील उपचार वगळलेले असतात, तेवढे कलम आधी वाचा. मानसिक आजार दीर्घकालीन असल्यास आणि अक्षमता ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास यूडीआयडी कार्डावर दिव्यांगांचे लाभ मिळतात.

पोलिसांची भीती

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कुटुंबे रुग्णालयात जायला कचरतात, कारण 'केस होईल'. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ सांगते की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाईल आणि तिला शिक्षा केली जाणार नाही. उलट तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाहीच. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच आता गुन्हा आहे. रुग्णालय एमएलसी नोंद करेल आणि पोलीस येऊन चौकशी करतील, त्याने घाबरून जाऊ नका.

अमली पदार्थ विरोधी कायदा, १९८५ च्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.

घरात किंवा केंद्रात कोणाला डांबले, मारले किंवा बांधून ठेवले असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. रुग्णाच्या घरी असा छळ होत असल्याचे दिसल्यास ठाणे अंमलदाराने ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. भरतीविषयीची तक्रार रुग्ण स्वतः, त्याचा प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने स्वयंसेवी संस्था पुनरावलोकन मंडळाकडे करू शकते. त्यासाठी शुल्क नाही, आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० वर मागणी करता येते.